ऑब्सिडियन २००० नंबरपर्यंत घासूनही धुरकट का राहतो?

चिरेबंदी (डिचोली):

नमस्कार मंडळी. काळ्या ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचे, तळहाताएवढे दोन तुकडे घासायला घेतलेत, मेक्सिकोचा माल म्हणून आलेले. एकाचा चेहरा सपाट करून आरसा करायचाय. दुसऱ्यात उन्हात धरल्यावर जांभळी-हिरवी झाक दिसते, त्यातून पेंडंटसाठी कॅब, म्हणजे सपाट बुडाचा घुमटाकार खडा, काढायचाय.

सपाट चेहऱ्याचा क्रम असा आहे: ८ मिमी जाडीच्या फ्लोट काचेवर सिलिकॉन कार्बाइड पावडर, आधी एफ-२२०, मग एफ-४००, मग एफ-६००. त्यावर गॅरेजवाले वापरतात तो वॉटर पेपर, १०००, १५००, २०००. शेवटी लाकडी फळीवर चिकटवलेल्या फेल्टवर (दाबलेली लोकर) सिरियम ऑक्साइड, म्हणजे काच पॉलिश करायची पावडर. प्रत्येक टप्प्याला १५-२० मिनिटं.

लांबून चकाकी आहे. पण ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कडेला वाकतं, आणि टॉर्च तिरका धरला की आत राखाडी धुकं दिसतं, मधूनच बारीक ठिपके. सिरियम तासभर चोळलं तरी धुकं हलत नाही. कडांचे टवकेही उडतायत. नेमकं कुठे चुकतंय? कॅबसाठी साधा ६ इंची बेंच ग्राइंडर फेल्टचं चाक लावून चालेल का? आणि चांगलं सिरियम गोव्यात मिळतं का, की मागवावंच लागतं?


घासपट्टी (फोंडा):

उत्तर तुमच्याच यादीत आहे. एफ-६०० झाल्यावर १००० चा वॉटर पेपर लावलात, तिथे पुढे जायच्या ऐवजी मागे आलात.

पावडरवरचा ‘एफ’ आकडा आणि पेपरच्या पाठीवरचा ‘पी’ आकडा या दोन वेगळ्या मापपट्ट्या आहेत. एफ-६०० चा कण सरासरी ९ मायक्रॉनचा. पी-१००० चा १८ मायक्रॉन, म्हणजे दुप्पट. पी-२००० सुद्धा १० मायक्रॉनवर येतो, तोही एफ-६०० पेक्षा किंचित जाडच. एफ-६०० ने आणलेला चेहरा तुम्ही पुन्हा चरे पाडून घेतलात आणि सगळा क्रम संपल्यावर होतात तिथेच येऊन उभे राहिलात. हाताशी ठेवायला आकडे देतो: पी-४०० म्हणजे ३५, पी-८०० म्हणजे २२, पी-१२०० म्हणजे १५, पी-२५०० म्हणजे साडेआठ मायक्रॉन. पावडरीत एफ-४०० म्हणजे १७ आणि एफ-१००० म्हणजे साडेचार. डायमंडच्या चकत्यांचा हिशोब तिसराच, तिथे १४००० नंबर म्हणजे साधारण १ मायक्रॉन. दुकानात नंबर सांगितला तरी डब्यावर मायक्रॉन शोधा, नसेल तर निदान एफ की पी एवढं तरी विचारून घ्या.

धुकं मात्र एवढ्याने जाणार नाही, कारण ते चऱ्यांचं नाहीच. सुटी पावडर काच आणि दगड यांच्यामध्ये लोळते. लोळताना प्रत्येक कण खाली टोचा मारतो आणि त्या टोच्याखाली बारीक तडा जातो. ऑब्सिडियनला स्फटिकांची रचना नाही, त्यामुळे तड्याला आत अडवणारं काही नसतं. वरचे खळगे भरून आल्यासारखे दिसले तरी खाली तडे शिल्लक असतात, आणि तिरक्या टॉर्चमध्ये दिसतं ते तेच. सिरियम एक-दोन मायक्रॉनचं काम करतं. वीस मायक्रॉन खोल गेलेला मार ते काढणार कसं? तासभर काय, दिवसभर चोळलंत तरी धुकं चकचकीत होईल, जाणार नाही.

म्हणून ढोबळ नियम धरा: पुढच्या टप्प्याने मागच्या कणाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट थर काढला पाहिजे. एफ-२२० चा कण साठेक मायक्रॉनचा, म्हणजे एफ-४०० वर निदान ०.१५ मिमी थर गेला पाहिजे. मिनिटं मोजून हे कळत नाही. डिजिटल व्हर्नियर घ्या, दगडाच्या पाठीवर तीन ठिकाणी खुणा करा आणि तिथेच टप्प्याआधी आणि टप्प्यानंतर जाडी मोजा. एफ-४०० वर हाताने एवढा थर जायला बऱ्याचदा पाऊण तास लागतो, तुमचा टप्पा १५-२० मिनिटांत संपतोय.

आता सुरुवात एफ-४०० पासून करा. भिंगाखाली खळगे फार खोल दिसले तरच एफ-२२० ला जा. काळ्या दगडावर शिसपेन्सिल दिसत नाही, चंदेरी जेल पेनने चेहऱ्यावर चौकटी काढा, वाळू द्या. काचेवर अर्धा चमचा पावडर, तेवढंच पाणी. इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, दर आठ-दहा फेऱ्यांनी दगड हातात पाव वळसा वळवा. सुरुवातीचा करकर आवाज दोन-तीन मिनिटांत मऊ होतो. पावडर फुटून बारीक झाली की आवाज तसा होतो. तो लगदा पुसून नवी पावडर घाला. जुन्या लगद्यावर घासत राहिल्याने गुळगुळीत वाटतं, पण थर जात नाही आणि तुमची मिनिटं तेवढी भरतात. चौकटी सगळीकडून एकाच वेळी पुसल्या गेल्या तर चेहरा सपाट आहे. मधल्या आधी गेल्या तर मध्ये फुगवटा आहे.

प्रतिबिंब कडेला वाकतं ते याच फुगवट्यामुळे. काचही झिजत असते. दगड सारखा मधल्या पट्ट्यात फिरवलात की काचेला मध्ये खोलगट येते आणि दगडाला तसाच फुगवटा. स्टीलची पट्टी काचेवर उभी धरून मागून उजेड पाहा, मध्ये फट दिसली तर काच उलटी करा. दोन्ही बाजू गेल्या असतील तर नवी आणा, ३० सेंटिमीटर चौरस तुकडा काचवाल्याच्या कचऱ्यातही मिळतो.

एफ-४००, एफ-६००, एफ-१०००, आणि तिथून थेट सिरियम. वॉटर पेपर या क्रमातून काढूनच टाका. प्रत्येक पावडरीला वेगळी बादली, वेगळा ब्रश आणि हो, नखंही घासा. एफ-२२० चा एकच कण एफ-१००० च्या काचेवर आला की गोल वळणाचा एक लांब चरा उमटतो, तो दिसल्यावर एफ-४०० पर्यंत मागे जाण्याशिवाय इलाज नाही. विहिरीचं पाणी वापरत असाल तर जूनपासून त्यात गाळ येतो. शेवटच्या दोन टप्प्यांना रात्रभर निवळलेलं पाणी वरून ओतून घ्या.

टवक्यांचं कारण सोपं आहे, कडा मारलेल्या नाहीत. पहिली पावडर लावायच्या आधी सगळ्या कडेला ४५ अंशाचा मिलिमीटरभर उतार द्या. पाण्यात पी-४०० पेपर, घासायचं कडेच्या लांबीने, कडेवरून बाहेरच्या बाजूला नाही. चेहरा खाली जाईल तसा उतार अरुंद होतो. अर्ध्या मिलिमीटरवर आला की पुन्हा मारून घ्या. टवका उडाला की तो तुकडा लगद्यात पडतो आणि चेहऱ्यावरून फिरतो, त्यामुळे कडांचं आणि चऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं.

पॉलिशचं: सिरियम दुधापेक्षा थोडं दाट कालवा. फेल्ट ओलसर हवं, ओलंचिंब नको. पाणी आटत येतं तसा दगड फेल्टला धरू लागतो, हाताला ओढ लागते. खरं पॉलिश त्या अर्ध्या-एक मिनिटात होतं, कारण सिरियम नुसतं घासत नाही, पाण्याच्या मदतीने काचेतल्या सिलिकाशी रासायनिकही झटतं. लगेच पाण्याचे दोन थेंब द्या, पूर्ण कोरडं होऊ दिलंत तर दगड तापतो आणि तडकतो. पंधरा मिनिटांनी दगड धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून १० पट भिंगाखाली बघा. ओला बघू नका, पाणी चऱ्यांत भरतं आणि सगळं छान दिसतं. ठिपके कमी झालेले नसतील तर पॉलिश थांबवा, एफ-१००० ला परत या.

आरसाच हवा असेल तर फेल्ट सोडा. फेल्ट मऊ असल्यामुळे कडा गोल करतं. दुर्बिणीचे आरसे घासणारे पिच वापरतात, डांबरासारखी राळ असते ती. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अशा आरशांच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, त्या मंडळींना पिचची जात आणि तापमान यांचा हिशोब पक्का ठाऊक असतो. आपल्याकडच्या ३२-३३ अंशांत मऊ पिच वाहायला लागतं, कडक जात मागवा. नाहीतर पॉलियुरेथेनचा पॅड काचेवर चिकटवून वापरा, हवामानाची कटकट नाही.

बाकी तुर्कस्तानात चाताल्ह्योयुकला सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे ऑब्सिडियनचे आरसे सापडलेत. त्यांच्याकडे ना एफ होतं ना पी.


अगेटकाका (मडगाव):

घासपट्टीबाबांनी सपाटचं सगळं सांगितलं, मी कॅबचं सांगतो.

बेंच ग्राइंडर नको. ५० हर्ट्झवर तो २८०० फेरे मारतो. ६ इंची चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला बावीस मीटरच्या वर जातो. सिरियम भिंतीवर उडेल, फेल्ट कोरडं होईल आणि दगडात चंद्रकोरीसारखे तडे जातील. १४४० फेऱ्यांची पाव हॉर्सपॉवर मोटर घ्या आणि पट्ट्याने एकास तीन कमी करा: मोटरला २ इंची पुली, चाकाच्या दांड्याला ६ इंची. ४८० फेरे येतात, कडेला पावणेचार-चार मीटर. फेल्ट आणि चामडं दोन्हीला हा वेग चालतो.

टाइल्सवाले ग्रॅनाइटला वेल्क्रोचे ओले डायमंड पॅड लावतात, ५० ते ३००० नंबर. ते स्वस्त आणि सगळीकडे मिळतात. सपाट रबरी पाठीवर लावून याच ४८० फेऱ्यांवर चालवा. फक्त ५० आणि १०० ला हात लावू नका. ग्रॅनाइटचे दाणे तो मार सोसतात, काच सोसत नाही. आकार द्यायला २०० पासून सुरुवात, वेळ लागला तर लागू दे. अँगल ग्राइंडरवर हे पॅड अजिबात नकोत, ११००० फेऱ्यांचं यंत्र आहे ते, हातातला खडा कुठे जाईल सांगता येत नाही आणि ओल्या कामात विजेचा धोका वेगळा. पाण्यासाठी पंप कशाला, सलाइनची बाटली आणि नळी टांगा, थेंब हवा तसा जुळवता येतो. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे.

आता रंग. तुमची जांभळी-हिरवी झाक म्हणजे आतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांचे पातळ थर. रंग पृष्ठभागाचा नसून त्या थरांचा आहे, म्हणून कुठून कापता यावर सगळं अवलंबून. आधी दगडाच्या तीन-चार बाजूंना नखाएवढ्या खिडक्या घासा, पी-४०० पर्यंत पुरे. दगड ओला करा, पाठीमागून ऊन किंवा एकच टॉर्च खांद्यावरून यायला हवा. ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. एका खिडकीत रंग भरून दिसेल, तिच्या काटकोनातल्या खिडकीत तेच थर बारीक रेघांसारखे दिसतील किंवा दिसणारच नाहीत. त्या रेघांना समांतर काप घ्यायचा. कॅबची बैठक थरांना समांतर आली की घुमटावर रंगांची कडी एकात एक दिसतात. बैठक दहा अंश कलली तर कडी एका बाजूला सरकतात, बदामाच्या आकाराच्या कॅबना मुद्दाम तसं करतात.

थर पातळ असतो. घुमट घासताना दर पाच मिनिटांनी थांबून ओला करून उन्हात बघा. रंग वाढत-वाढत जातो आणि मग अचानक संपतो, संपला की परत येत नाही. रंग सर्वांत भरलेला असेल तेव्हा आकार थोडा बेढब असला तरी थांबावं, असं माझं मत. आकार नंतर कडेने सावरता येतो.

कापायला अखंड कडेचं डायमंड पातं, दातेरी नको. ४ इंची असेल तर ०.६ ते ०.८ मिमी जाडीचं बघा. दगड पात्यावर दाबू नका, पातं जेवढं खाईल तेवढंच पुढे सरका. शेवटचे ३-४ मिलिमीटर राहिले की दाब जवळजवळ शून्य करा आणि सुटणाऱ्या बाजूला बोटाचा नाही, लाकडाच्या चिपेचा आधार द्या. टवका तिथेच निघतो आणि नेमका चांगल्या तुकड्यातून निघतो.

डॉपला, म्हणजे खडा चिकटवून धरायच्या काडीला, लाख किंवा डॉप मेण वापरायचं असेल तर दगड आधी हळूहळू कोमट करावा लागतो. थंड ऑब्सिडियनवर गरम लाख टेकवली की तडा. त्यापेक्षा खिळ्याच्या सपाट डोक्यावर पाच मिनिटांचं इपॉक्सी लावा. काढायला अॅसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सुरीने उचकटू नका.

पुढचा क्रम: पॅड २००, ४००, ८००, १५००, ३०००, मग चामड्यावर सिरियम. ४०० ला सगळ्यात जास्त वेळ द्या, २०० चा मार तिथेच निघतो.


टंबलरताई (पर्वरी):

सिरियमचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. मागवायच्या आधी काचेच्या कडा पॉलिश करणाऱ्या दुकानात विचारा, त्यांच्या शेवटच्या चाकाला तेच लागतं. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या जुन्या वर्कशॉपमध्येही असायचं. गुलाबी-तपकिरी पावडर काचवाल्यांकडची, ती चालते. लेन्सवाल्यांची फिकट आणि जास्त बारीक असते. सुटी पुडीतली घेतलीत तर आधी पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि वरचं दुधी पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून तेवढंच वापरा. तळाशी जड खडे बसतात, चरे तेच पाडतात.

उरलेले तुकडे फेकू नका, टंबलरमध्ये, म्हणजे दगड पावडरीसोबत फिरवून गुळगुळीत करणाऱ्या ड्रममध्ये, जातील. फक्त अगेटचा क्रम ऑब्सिडियनला लावू नका. कठीणपणाच्या मोह्स मापात अगेट साडेसहा-सात, ऑब्सिडियन पाच ते साडेपाच. शिवाय दगड एकमेकांवर आपटले की कडांना पांढुरके घाव पडतात.

तीन पौंडी रबराचा ड्रम घ्या, प्लॅस्टिकचा नको. ऑब्सिडियन ५०० ग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि सगळे तुकडे साधारण एकाच आकाराचे, दोन-तीन सेंटिमीटरचे. मुठीएवढा एक आणि बाकी वाटाण्याएवढे असं केलंत तर मोठा बाकीच्यांना फोडतो. उरलेली जागा सिरॅमिकच्या बारीक गोळ्यांनी भरा, ड्रम पाऊण भरला पाहिजे. कमी भरलेला ड्रम म्हणजे धबधबा, दगड वरून खाली पडतात. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली. कान ड्रमला लावा: एकसारखी घरघर हवी, टकटक ऐकू आली तर आणखी गोळ्या घाला.

धारदार टवके आधी प्लायरने किंवा पेपरवर मारून घ्या, नाहीतर ते ड्रममध्ये मोडतात. पहिला टप्पा १२०/२२० पावडर, चार टेबलचमचे, सात दिवस. ६०/९० ची गरज नाही. मग ५०० नंबर, चार चमचे, सात दिवस. मग सिरियम तीन चमचे, सात ते दहा दिवस. शेवटी किसलेला साबण आणि चमचाभर टाकणखार घालून कोमट पाण्यात दोन-तीन तास फिरवा, त्याहून जास्त नको. पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक दगड वाळवून बघा, ज्याला खड्डा किंवा घाव आहे तो बाजूला काढा. एक खराब दगड पॉलिशमध्ये गेला की त्याच्या खड्ड्यात लपलेली २२० पावडर बाकीच्यांची वाट लावते.

लगदा दाट असला की आपटणं कमी होतं, म्हणून काही जण साखर घालतात. चालतं, अर्धी वाटी. पण आपल्या हवेत साखरेचं पाणी आंबतं आणि बंद ड्रममध्ये वायू साठतो, रोज झाकण उघडून सोडावा लागतो. प्लॅस्टिकचे दाणे त्यापेक्षा सोपे. पावडरीच्या टप्प्यातले दाणे सिरियमला वापरू नका, त्यांच्यात पावडर रुतून बसते, धुऊन जात नाही.

पावसात वीज गेली आणि ड्रम तासभर थांबला तर लगदा तळाशी बसतो. वीज आल्यावर तसाच सुरू झाला तर पट्टा घसरतो आणि मोटर तापते. आधी हाताने चार-पाच वेळा फिरवून मग बटण दाबा.

व्हायब्रेटरी टंबलर परवडत असेल तर ऑब्सिडियनला तोच खरा. दगड पडत नाहीत, जागच्या जागी थरथरतात, आणि आकारही फारसा बदलत नाही.


चिरेबंदी:

एफ आणि पी हे दोन हिशोब आहेत हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. मोटर आणि पुलीचं गणित लिहून ठेवलं.

दोन गोष्टी आणखी. स्नोफ्लेक ऑब्सिडियनला हाच क्रम चालेल का? पांढरे ठिपके उठून येतात असं ऐकलं. आणि मोरजीच्या किनाऱ्यावर एकाला काळा, काचेसारखा तुकडा मिळालाय, फुटलेल्या जागी शिंपल्यासारख्या वळ्या आहेत. आपल्याकडे ऑब्सिडियन सापडू शकतो का?


घासपट्टी:

स्नोफ्लेकचे पांढरे ठिपके म्हणजे क्रिस्टोबलाइट, सिलिकाचे स्फटिक. ते भोवतीच्या काचेपेक्षा कठीण. मऊ फेल्टवर काच झिजते, ठिपका राहतो, आणि बोट फिरवलं की उंचवटा लागतो. त्यामुळे पाठ कडक हवी: लाकडावर चामडं घट्ट चिकटवून ३ मायक्रॉन, मग १ मायक्रॉन डायमंड पेस्ट, आणि सिरियम शेवटी फक्त दोन मिनिटं.

आणि स्नोफ्लेक कोरडा घासूच नका. काळ्या ऑब्सिडियनची धूळही वाईटच, पण क्रिस्टोबलाइटची धूळ स्फटिकी सिलिकाची, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार त्यानेच होतो. पाण्यात काम, वर एन-९५, आणि वाळलेला लगदा झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. काळ्याचे टवके कापडात अडकून राहतात आणि दिसत नाहीत, त्यामुळे तो पंचा पुन्हा तोंडाला लावू नका. चष्मा तर हवाच.


भूगर्भी (साखळी):

मोरजीचा तुकडा ऑब्सिडियन असण्याची शक्यता जवळजवळ नाही. ऑब्सिडियन व्हायला सिलिका भरपूर असलेला, चिकट लाव्हा लागतो, ७० टक्क्यांच्या वर सिलिका. गोव्याचा बहुतेक भाग धारवाडी जुन्या रूपांतरित खडकांचा, त्यावर जांभा. दख्खनचा बेसाल्ट फक्त ईशान्येकडे सत्तरीच्या टोकाला येतो, आणि त्यात सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास. तो वेगाने थंड झाला तरी कडेला पातळशी काच होते, घासण्याजोगा गोळा नाही. पावागडला किंवा मुंबईजवळ रायोलाइट, म्हणजे सिलिका भरपूर असलेला लाव्हाचा खडक, आहे, पण दख्खनचं वय सहा-साडेसहा कोटी वर्षं. ज्वालामुखीची काच एवढा काळ काच म्हणून सहसा टिकत नाही, पाणी शोषते आणि हळूहळू स्फटिक होत जाते. म्हणून बाजारातला माल मेक्सिको, आर्मेनिया, अमेरिकेतलं ओरेगॉन अशा तरुण ज्वालामुखीच्या भागांतून येतो.

शिंपल्यासारख्या वळ्यांवर जाऊ नका, बाटलीची काचही तशीच फुटते. पातळ कडेमागे टॉर्च लावा. ऑब्सिडियन बहुधा धुरकट राखाडी किंवा तपकिरी दिसतो, बाटली हिरवी किंवा मधाच्या रंगाची. आत गोलगरगरीत बुडबुडे असतील तर भट्टीची काच किंवा धातूची मळी समजा. टाइलच्या मागच्या बिनचकाकी बाजूवर ओढून बघा, लाल-तपकिरी रेघ आली तर ते लोहखनिज, किनाऱ्यावर खनिजाचे तुकडे मिळतातच.

तरी शंका असेल तर वजन. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबता सोडा, तळाला आणि बाजूला लागू देऊ नका. कोरडं वजन भागिले आता दिसणारा आकडा, ही घनता. ९६ ग्रॅमचा दगड ४० दाखवत असेल तर २.४, ऑब्सिडियनच्या २.३५ ते २.४५ मध्ये बसतो. ३८.४ दाखवलं तर २.५, बाटली. २.८ च्या वर गेलं तर मळी किंवा बेसाल्ट. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी ब्रशने झटका, एवढ्या बारीक फरकात तेही आकडा हलवतात.

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात निळा आणि गर्द हिरवा ‘ऑब्सिडियन’ मांडलेला दिसला तर हीच परीक्षा करा. तसल्या रंगाचा पारदर्शक माल बहुतेक वेळा कारखान्यातली काच असतो. तीही सिरियमने सुंदर पॉलिश होते, सरावाला घ्यायला हरकत नाही, भाव फक्त काचेचा द्या.


चिरेबंदी:

काटा लावला. ७१.२ ग्रॅम, पाण्यात २८.३. म्हणजे २.५२, बाटलीच. हिरव्या कडेवरून संशय होताच.

एफ-४०० वर पुन्हा बसतोय, व्हर्नियर लावून. लगदा कुठे टाकायचा तेवढं सांगा, धुण्याचं पाणी सोकपिटात जातं आमच्याकडे.


टंबलरताई:

सोकपिटात नको आणि बेसिनमध्ये तर मुळीच नको, पाइपच्या वळणात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत दोन दिवस राहू द्या, वरचं निवळ पाणी पुढच्या घासाईला वापरा. एफ-२२० चं पाणी एफ-२२० लाच, बादल्यांची अदलाबदल नाही. तळाचा गाळ जुन्या वर्तमानपत्रावर पसरून अर्धवट सुकवा आणि ओलसर असतानाच पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या. सिरियमचा गाळ मात्र टाकू नका, झाकणाच्या डब्यात पाण्याखाली ठेवला की पुन्हा वापरता येतो. फेल्टला पावसाळ्यात बुरशी धरते, काम झालं की धुऊन पंख्याखाली वाळवा आणि बंद पिशवीत ठेवा, पावडरीच्या कपाटात नाही.